छातीचा सीटी स्कॅन करण्यापूर्वी



मी डॉक्टर नाही. बँकेत क्लार्क आहे, शिक्षण कला शाखेचे. तरीही कार्यकर्त्यांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला, कारण या तपासणीसाठी थोरल्या बंधूंना घेऊन मी दोनदा मुंबई गाठली. एका खेपेचे काम दोन खेपांत झाले, ते आमच्या अज्ञानामुळे.

बंधू येथील एमआयडीसीत कामाला. दोन महिने खोकला. थुंकी तपासली, त्यात क्षयाचे जंतू मिळाले नाहीत. एक्स-रेत मात्र छातीच्या मध्यभागी सावली दिसली. डॉक्टरांनी 'कॉन्ट्रास्ट'सह सीटी स्कॅन लिहून दिला. आम्हांस वाटले, महाग तो चांगला, एवढाच फरक. तसे नाही. फुप्फुसे साध्या स्कॅनमध्येही उत्तम दिसतात. धुळीने होणारे विकार पाहण्यास बहुधा तोच पुरतो. परंतु छातीच्या मध्यभागी रक्तवाहिन्या व गाठी अगदी लगत असतात आणि साध्या चित्रात सारख्याच करड्या दिसतात. शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडले की रक्तवाहिन्या पांढऱ्या उजळतात व गाठ वेगळी ओळखू येते.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. तो रिपोर्ट आमच्याकडे नव्हता. पहिला दिवस फुकट गेला. रजा गेली, एसटीचे भाडे गेले. ही साधी रक्ततपासणी महाडलाच करून नेता आली असती.

दुसऱ्या खेपेस संमतीपत्र पुढे आले. बंधूंनी न वाचता सही केली. कोऱ्या स्लिपवर सही करू नका, असे मी दिवसभर काउंटरवर सांगतो, आणि घरातच हा प्रकार! "काही आजार, गोळ्या?" असे विचारल्यावर बंधू म्हणाले, "काही नाही." पुन्हा परत पाठवतील ही भीती. तेवढ्यात वहिनी मागून बोलल्या, "असं काय करता? साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना!"

त्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर त्या स्कॅननंतर दोन दिवस बंद ठेवतात. बंधूंचे मूत्रपिंड चांगले होते, गोळ्या चालूच राहिल्या. ठरवायचे डॉक्टरांनी, पण सांगायचे आपण. दमा, थायरॉईड, गरोदरपण, आणि मुख्य म्हणजे पूर्वी असे औषध टोचल्यावर खाज वा धाप आली असल्यास तेही. आपल्याकडे हमखास विचारतात, कोळंबीने अंगावर पित्त उठते, मग कसे? तेही सांगावे, मात्र कोळंबी सोसत नाही म्हणून हे औषध सोसणार नाही, हा समज खरा नाही.

औषध जाताना अंगात गरम लहर येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. बंधू याने पुरते ओशाळले होते! त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घसा आवळला, धाप लागली, खाज सुटली तर मात्र लगेच ओरडून सांगावे. श्वास रोखा म्हटले की रोखावा, नाहीतर चित्र बिघडते. किती तास उपाशी राहायचे हे आदल्या दिवशी केंद्रातच विचारावे.

किरणांचा डोस साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट असतो. तेव्हा 'एकदा करून टाकू' म्हणून स्वतःच्या मनाने स्कॅन करू नये. डॉक्टरांनी कारण सांगून लिहिला असेल तर टाळूही नये.

स्कॅनने गाठी कोठे आहेत ते दाखविले, कसल्या ते नाही. दुर्बिणीतून सुईने नमुना घेतला तेव्हा क्षय निघाला. सहा महिने औषधे चालली. फिल्म आणि सीडी वहिनींनी कपाटात साड्यांखाली सपाट ठेवल्या होत्या. पुढच्या तपासणीस डॉक्टरांनी आधी त्याच मागितल्या.