कोटाची भिंत आणि माझगावची माती

(माझगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘वसाहत’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. कामगारांची वसाहत म्हणजे माणसांनी एकत्र राहण्याची जागा. इंग्रजांची वसाहत म्हणजे परक्याने बळकावलेली भूमी. हे दोन अर्थ वरवर वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत. परक्याच्या वसाहतीत कोणी कोठे वसावे, कोणी कोठून उठावे, कोणाच्या दारापुढे मैदान मोकळे ठेवावे आणि कोणाच्या दारापुढे बंदुकीची दारू साठवावी, हे बहुतेक वेळा युद्धाने ठरविले आहे. मुंबई व्यापाराने घडविली, असे शाळेच्या पुस्तकापासून सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या व्यापाराच्या तागडीमागे तोफ उभी होती, आणि तोफेची किंमत ज्यांनी मोजली त्यांना तटबंदीच्या आत जागा नव्हती. माझगावचा इतिहास हा या विधानाचा पुरावा आहे.

ही रीत मुंबईत जन्मलेली नाही. इ.स.पू. आठव्या शतकात कॉरिंथच्या ग्रीकांनी सिसिलीत सिराक्यूज वसविले. प्रथम त्यांनी ऑर्टिजिया हे किनाऱ्यालगतचे छोटे बेट घेतले, तेथील मूळच्या सिकेल लोकांना हुसकावले आणि मग आतली शेतजमीन ताब्यात आणली. ती जमीन कसणारा वर्ग दास झाला आणि मालकवर्ग शस्त्रधारी नागरिक. पुढे इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सची स्वारी फसली, तेव्हा सुमारे सात हजार कैदी तेथील दगडाच्या खाणींत कोंडण्यात आल्याचे थ्युसिडिडीज सांगतो. त्यानंतर काही वर्षांतच डायोनिसियस या हुकूमशहाने कार्थेजच्या भयाचे निमित्त करून शहराभोवती प्रचंड तट उभारला. त्यासाठी साठ हजार माणसे राबविली, अशी नोंद डायोडोरस या इतिहासकाराने केली आहे. परंतु त्याच डायोनिसियसने ऑर्टिजिया बेटही भिंतीने शहरापासून तोडले आणि तेथे आपले मित्र व भाडोत्री सैनिक यांना घरे दिली. म्हणजे एक भिंत बाहेरच्या शत्रूसाठी होती आणि दुसरी आपल्याच नागरिकांसाठी. तटाचे हे दुहेरी काम ध्यानात ठेवले, की मुंबईचा कोट समजणे सोपे जाते.

1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. 1665 मध्ये इंग्रजांनी प्रत्यक्ष ताबा घेतला आणि 1668 मध्ये राजाने हे बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. या तिन्ही व्यवहारांत येथील कोळी, भंडारी, कुणबी यांना कोणी काही विचारले नाही. माझगाव तेव्हा वेगळे बेट होते. आंबराया, ताडा-माडाच्या वाड्या, भातखाचरे आणि मासेमारी हे त्याचे जीवन होते. कंपनीचा दुसरा गव्हर्नर जेराल्ड आंजियर याने संरक्षणासाठी भूधारकांकडून माणसे घेऊन भंडाऱ्यांची पथके उभी केली, आणि माहीम, शिवडी, सायन येथे त्यांची ठाणी बसविली. 1680 च्या सुमारास माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर एक छोटी गढी उभी राहिली. माडावर चढणारा भंडारी अशा रीतीने कंपनीचा शिपाई बनला. शत्रू मात्र त्याने निवडलेला नव्हता.

तो शत्रू कंपनीने ओढवून आणला. सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे पकडून औरंगजेबाशी वैर पत्करले आणि 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मोगलांच्या वतीने शिवडीला उतरला. शिवडी पडताच माझगावची गढी इतक्या घाईने सोडण्यात आली, की खजिन्याच्या पेट्या आणि शस्त्रे मागेच राहिली, असे अलेक्झांडर हॅमिल्टन हा त्या काळचा प्रवासी लिहितो. इंग्रज दक्षिणेकडील किल्ल्यात दार लावून बसले, आणि माझगाव, माहीम, शिवडी ही खेडी वेढा घालणाऱ्यांच्या हाती राहिली. अखेर कंपनीने बादशहाची क्षमा मागितली आणि दीड लाख रुपयांचा दंड भरला. जून 1690 मध्ये याकूतखान परतला, तो माझगावची गढी उद्ध्वस्त करून. उद्दाम धोरण गव्हर्नरचे, दंड भागधारकांच्या पैशाचा, आणि वर्षभराची होरपळ मात्र कोळी-भंडाऱ्यांच्या वाड्यांची, अशी या युद्धाची वाटणी झाली. पुढे रोगराईने इंग्रजांचे बळ खचले असताना सिद्दीचे लोक पुन्हा आले, तेव्हा रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांना जमवून त्यांना परतविले, अशी परंपरा आहे. त्याबद्दल रुस्तमजीच्या घराण्याला कोळ्यांची वंशपरंपरागत पाटीलकी मिळाली. लढले कोळी, त्यांच्यावरचा अधिकार मात्र बक्षीस म्हणून दुसऱ्याला दिला गेला. वसाहतीतील युद्धाने समाजरचना कशी घडते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

त्या अनुभवातून कंपनीने जो धडा घेतला, तो सगळे बेट सुरक्षित करण्याचा नव्हता. वखार सुरक्षित करण्याचा होता. चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत (1715–1722) वखारीभोवतीच्या नगराला तट आणि तीन दरवाजे लाभले. माझगाव तटाबाहेर राहिले. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि मराठी फौजा साष्टीत येऊन ठेपल्या, तेव्हा कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले. त्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. खंदकाबरोबर आणखी एक गरज निर्माण झाली. तोफेच्या माऱ्यात आडोसा राहू नये, म्हणून तटासमोरची घरे आणि माडाची झाडे हटविण्यात आली, आणि ही मोकळी पट्टी पुढे वेळोवेळी रुंदावत गेली. मुंबादेवीचे मूळ देऊळ कोटाच्या गरजेपायी अठराव्या शतकात हलवावे लागले. एस्परान्सा हे पोर्तुगीज काळातील देऊळही 1760 मध्ये याच कारणाने पाडले गेले. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल यांना शहराची फुप्फुसे म्हणतात. त्यांचा जन्म मात्र तोफेच्या पल्ल्यातून झाला आहे. 1803 च्या फेब्रुवारीत कोटाच्या उत्तर भागाला भीषण आग लागली. तेथे दाटीने राहणाऱ्या एतद्देशीयांपैकी अनेकांची पुनर्वस्ती मैदानापलीकडे झाली. गोऱ्यांचे नगर आणि काळ्यांचे नगर यांमधील अंतर आता डोळ्यांना दिसू लागले. युद्धासाठी मोकळी केलेली जमीन वर्णभेदाची सीमा बनली.

तटाबाहेरच्या माझगावला युद्धाने काय दिले, हे त्याच्या रस्त्यांची नावेच सांगतात. गनपावडर रोड आणि दारूखाना ही नावे तेथे उगाच पडलेली नाहीत. बंदुकीची दारू बनविणे आणि साठविणे हे स्फोटाच्या भीतीचे काम. ते कोटापासून दूर आणि माझगावच्या उंबऱ्याशी होते. इकडे कोटातील गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागाची बलाढ्य जहाजे बांधली. ‘कॉर्नवॉलिस’ ही युद्धनौका 1813 मध्ये मुंबईत तयार झाली, आणि 1842 मध्ये पहिल्या अफूयुद्धाच्या अखेरीस चीनला मान तुकविण्यास भाग पाडणारा नानकिंगचा तह याच नौकेवर झाला. त्या अफूचा मोठा भाग माळव्यातून मुंबईमार्गे गेला होता. येथील सुताराचे अप्रतिम कौशल्य अशा प्रकारे दुसऱ्या आशियाई समाजाच्या दास्यासाठी वापरले गेले. दोष सुताराचा नव्हे. ज्या व्यवस्थेत कारागिराला आपल्या कलेच्या उपयोगावर अधिकार नसतो, त्या व्यवस्थेचा आहे.

दूरच्या युद्धांनीही माझगावची माती बदलली. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या कापसाचे भाव भडकले. त्या पैशाच्या पुरात समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपताच 1865 मध्ये सट्टा कोसळला. समुद्रावर पडलेली भर मात्र टिकली. याच सुमारास, 1862 पासून, गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने कोटाचे तट पाडविले. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मग 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाले. कोळ्यांची होडी जेथे लागत होती, तो पूर्व किनारा गोदीच्या कुंपणाआड गेला. दगडी तट गेला आणि त्याच्या जागी पहारेकरी व फाटक असलेला दुसरा तट आला. या नव्या तटाच्या आत कामगाराला प्रवेश होता, पण केवळ हमाल म्हणून.

त्या तटाच्या आत काय ठेवले आहे, हे सांगण्याची गरज सरकारला वाटली नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, हजारो कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर दोन महास्फोट झाले. सुमारे आठशे माणसे मृत्युमुखी पडली आणि ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली. आग विझविण्यास धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. सोन्याच्या प्रत्येक विटेवर क्रमांक होता. गाळातून वीट सापडली की तिची ओळख पटत असे. गोदीच्या परिसरात मेलेल्या रोजंदारीच्या हमालांची संख्या मात्र आजही ‘सुमारे’ या शब्दाने सांगावी लागते. साम्राज्याच्या हिशेबवहीत कोणाची नोंद होते आणि कोणाची होत नाही, हे या एका गोष्टीवरून उमजावे.

तथापि युद्धयंत्रणा ज्यांना आपल्या चाकाला जुंपते, ते नेहमीच मुकाट राहत नाहीत. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘तलवार’ या नाविक ठाण्यावरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. 21 तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये, म्हणजे कंपनीच्या जुन्या किल्ल्याच्याच आवारात, हिंदी खलाशांनी ब्रिटिश लष्कराच्या गोळीबाराला गोळीने उत्तर दिले. दोन शतके ज्या भिंतीने इंग्रजांना रयतेपासून वाचविले, तिच्याआड आता रयतेची मुले उभी होती आणि इंग्रज बाहेर होते. लोकांनी त्या खलाशांना अन्न पोचविले. 22 तारखेला गिरणी कामगार रस्त्यावर आला आणि पुढील गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक बळी पडले. त्यांतील बहुसंख्य कोटाबाहेरच्या मुंबईचे, परळ-लालबागच्या चाळींचे होते.

स्वातंत्र्याने हा प्रश्न आपोआप सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 1960 मध्ये माझगाव गोदी सरकारच्या मालकीची झाली आणि 1972 मध्ये तेथे बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका आरमारात दाखल झाली. परक्याच्या साम्राज्यासाठी नव्हे, स्वतंत्र देशाच्या संरक्षणासाठी कामगाराचे कौशल्य वापरले गेले, याचा अभिमान रास्तच आहे. पण 2014 मध्ये ‘विक्रांत’ ही निवृत्त विमानवाहू नौका याच दारूखान्यात भंगारासाठी आली. 1971 च्या युद्धात तिने केलेल्या पराक्रमाचे गोडवे सर्वत्र गाइले गेले. ज्या कामगारांनी गॅसच्या ज्वाळेने तिचे पोलादी अंग कापले, त्यांच्या झोपड्या, त्यांची मजुरी, त्यांच्या फुप्फुसांत जाणारा धूर यांविषयी किती लिहिले गेले? त्याच वर्षी बंदराच्या शेकडो एकर जमिनीच्या फेरविकासाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने राणी जाधव समिती नेमली. युद्ध आणि व्यापार यांनी समुद्राकडून आणि कोळ्यांकडून घेतलेली ही जमीन आता कोणाच्या हाती जाणार, हा या विभागातील कार्यकर्त्यापुढचा खरा प्रश्न आहे. ती पुन्हा उंच भिंतीआडच्या थोड्यांची होणार असेल, तर 1690 आणि आज यांत फरक एवढाच, की या वेळी वेढा पैशाचा आहे.

भंडारवाडा टेकडीवर जेथे ती गढी होती, तेथे आज पाण्याची टाकी आहे आणि तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. काका बाप्टिस्टा माझगावचेच. 1864 मध्ये म्हातारपाखाडीत जन्मलेले. ते टिळकांचे सहकारी होते आणि 1920 मध्ये मुंबईत भरलेल्या आयटकच्या पहिल्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. गढीच्या जागी सर्वांसाठी पाणी, सर्वांसाठी बाग आणि कामगार पुढाऱ्याचे नाव, हा बदल कोणा गव्हर्नरच्या कृपेने झालेला नाही. बंदराच्या जमिनीचा आराखडा जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा कार्यकर्त्याने तीन प्रश्न हाती घेऊन चाळीचाळींतून, झोपडीझोपडींतून फिरावे: ही भिंत कोणाला आत घेते, तिची किंमत कोण मोजतो, आणि उठविण्यापूर्वी कोणाला विचारले गेले? माझगावच्या तीनशे वर्षांत तिसरा प्रश्न सरकारदरबारी क्वचितच विचारला गेला. तो विचारायला लावणे हे संघटनेचे काम आहे.