भरती-ओहोटीचें भाकीत

शेअरांचा भाव उद्यां चढेल कीं उतरेल, हें आधीं कळावें असें ज्यास वाटत नाहीं असा गुंतवणूकदार विरळा. या इच्छेवर पोट भरणारा एक धंदाच अमेरिकेंत उभा राहिला, आणि त्याची झाडाझडतीही तेथेंच झाली.

चार्ल्स डाऊ हा न्यूयॉर्कचा वृत्तपत्रकार. त्यानें १८९६ सालीं बारा औद्योगिक कंपन्यांच्या भावांची सरासरी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आगगाडीच्या कंपन्यांची सरासरी निराळी असे. बाजाराची हालचाल त्याच्या मतें तीन जातींची: वर्षानुवर्षें चालणारी भरती वा ओहोटी, कांहीं आठवड्यांच्या लाटा, आणि रोजची नुसती खळबळ. एका लाटेवरून भरती ठरत नाहीं. दोन्ही सरासऱ्यांनीं पूर्वीची उंची ओलांडली, तरच ती खरी मानावयाची. कारण कारखान्यांत माल खरोखरच अधिक निघत असेल, तर तो वाहणाऱ्या आगगाड्याही भरून धांवल्या पाहिजेत. विचार मोठा सयुक्तिक आहे, यांत शंका नाहीं.

डाऊ १९०२ सालीं वारला. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन यानें तें सूत्र पुढें चालविलें. ओहोटी लागल्याचा त्याचा गाजलेला अग्रलेख २५ ऑक्टोबर १९२९ चा. चारच दिवसांत बाजार कोसळला आणि हॅमिल्टनची कीर्ति झाली. मात्र पहिली मोठी घबराट आदल्याच दिवशीं उडून गेली होती, हें विसरतां कामा नये.

या पडझडीनंतर आल्फ्रेड कोल्स नांवाच्या कोलोरॅडोंतील एका धनिकानें हिशेबच मांडावयास घेतला. तो स्वतः अनेक भाकीतपत्रकांचा वर्गणीदार होता. सोळा संस्थांच्या सुमारें साडेसात हजार शिफारशी त्यानें तपासल्या. त्यांप्रमाणें वागणाऱ्यास सर्वसाधारण बाजारापेक्षां वर्षाकांठीं सुमारें दीड टक्का कमीच मिळाला असता. पत्ते पिसून काढलेलीं भाकितें आणि शहाण्यांचीं भाकितें शेजारीं ठेवलीं, तेव्हां उत्तमांत उत्तम शहाणाही नशीबवान पत्त्याहून फारसा सरस ठरेना! हॅमिल्टनच्या लेखांचीही त्यानें गय केली नाहीं. १९०४ पासून १९२९ पर्यंत धोरण बदलण्याचा सल्ला नव्वद वेळां. पंचेचाळीस वेळां तो फळला, पंचेचाळीस वेळां फसला. त्याप्रमाणें चालणाऱ्यास वर्षास सुमारें बारा टक्के मिळाले असते, आणि शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्यास साडेपंधरा. हा निबंध १९३३ सालीं छापला गेला. भाकीत करणाऱ्यांना भाकीत करतां येतें काय, या त्याच्या मथळ्यांतील प्रश्नास कोल्सचें उत्तर एवढेंच, कीं तें संशयास्पद आहे.

बाहेर पडण्याची वेळ साधली तरी काम अर्धेंच होतें. परत शिरण्याची वेळही साधावी लागते, आणि दोन्ही वेळां दलाली पडते ती निराळीच. बाजार चढतो तेव्हां त्यांतली बरीच चढ थोडक्या दिवसांत उरकते. त्या दिवशीं पेढीवर पैसा ठेवून बसलेल्या गृहस्थास ती मिळत नाहीं.

तरीही हॅमिल्टनला मोडीत काढणें अन्यायाचें होईल. १९९८ सालीं तिघा अभ्यासकांनीं तेंच दप्तर पुन्हां उघडलें. त्याच्या सल्ल्यानें पैसा बराच काळ बाजाराबाहेर राहत असल्यामुळें धोकाही तितका कमी होता. तो जमेस धरला असतां त्याची कामगिरी बरीच चांगली दिसते, असें त्यांना आढळलें. ज्याला दोन वर्षांनीं मुलीच्या लग्नासाठीं रक्कम काढावयाची आहे, त्याला साडेपंधरा टक्क्यांच्या हिशेबापेक्षां हा दुसरा हिशेब अधिक जवळचा वाटेल.