फुकटचे व्याख्यान कोणाच्या खर्चाने?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला माझ्यापेक्षा तयारीची माणसे इथे बसली आहेत. मी बोलणार आहे तालुक्याच्या गावच्या व्याख्यानमालेवर. हसू नका. सांस्कृतिक मंडळ, मांडव, भोंगा, पाहुण्याला नारळ आणि शाल, प्रवेश मोफत. आपण तिकडे फिरकत नाही आणि आपल्याला कोणी बोलावतही नाही.

2017 साली गणपती 25 ऑगस्टला बसले. मी तेव्हा नोकरीत होतो. अशाच एका मंडळाने मला बोलावले. विषय ठेवला होता 'कापसाचे आधुनिक तंत्रज्ञान'. आरती झाल्यावर नऊला सुरुवात. समोर मास्तर, वकील, पेन्शनर आणि पहिल्या रांगेत कृषी सेवा केंद्राचे मालक. खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी केव्हाच निघून गेली होती. मी पडद्यावर चित्रे दाखवत तासभर बोललो, टाळ्या घेतल्या. निघताना खुर्च्या उचलणारा एक माणूस जवळ आला. म्हणाला, "साहेब, फवारून घरी आलो का डोयापुढं अंधारी येते, कायचं असन?" मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवा," आणि गाडीत बसलो.

त्या हंगामात पऱ्हाटी डोक्यावर गेली होती. फवारा सरळ तोंडावर येत होता आणि एकाच पंपात दोन-तीन औषधे कालवली जात होती. त्याच महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. माझ्याकडे शेतीची पदवी होती, मांडव होता, भोंगा होता. त्या माणसाला जे सांगायचे ते पाच मिनिटांचे होते. अंधारी, मळमळ, घाम, तोंडाला लाळ असे काही वाटले की फवारणी तिथेच थांबवायची. कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचे. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठायचा, म्हणजे विष कोणते ते डॉक्टरला कळते. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर ते अतिविषारी. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारायचे नाही, उपाशी पोटी तर नाहीच. हे मी बोललो नाही. त्या माणसाचे पुढे काय झाले, हेही मी कधी विचारले नाही.

आता मोफत या शब्दाकडे पाहू. औषधवाल्यांचे मेळावेही मोफतच असतात. चहा, चिवडा, वर टोपी. तो चिवडा तुम्हीच खाता आणि त्याचे पैसेही तुम्हीच देता, फक्त ते बाटलीच्या किमतीत दडलेले असतात. तिथला वक्ता तुम्हाला "यंदा फवारू नका" असे कधी सांगेल का? सांस्कृतिक मंडळाचा मांडव गावच्या वर्गणीतून उभा राहतो. तिथे विकायला काही नसते. मला त्या मांडवाची किंमत वाटते ती यासाठी. मात्र मांडवावर औषधाचा फलक लागला की तोही मेळावाच झाला, एवढे मंडळाला आधी स्पष्ट सांगा.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, तेव्हा ती शहरातल्या शिकलेल्यांच्या सोयीची होती. त्यात गैर काही नाही, ज्याची सभा त्याची वेळ. पण आपल्याकडे अमरावतीच्या मातीतले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत. शाळा न शिकलेला माणूसही तिथे उत्तर देत असे. आपली व्याख्याने या रीतीने झाली पाहिजेत. आधी तासभर प्रश्न, मग वक्ता.

आणि वेळ पिकाची धरा. पेरणीआधी एक बैठक बियाण्यावर. पक्की पावती घ्या आणि पिशवी वेचणी संपेपर्यंत जपून ठेवा, तिच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. दुसरी पोळा ते गणपती या दिवसांत, फवारणीवर आणि गुलाबी बोंडअळीवर. डोमकळी काहींनी पाहिलेलीही नसते. फूल उमलत नाही, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात आणि आत अळी असते. ती कळी तोडून नष्ट करा. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच औषधाचा विचार करायचा. तिसरी बैठक डिसेंबरात, फरदड ठेवू नका हे सांगायला. दोन वेचण्यांच्या लोभाने पुढच्या सालची अळी आपणच पोसतो. ज्वारीवर मात्र मला बोलावू नका. कणगीत बियाणे कसे राखायचे हे जिला ठाऊक आहे अशी एखादी आजी गावात असेल, तिला खुर्ची द्या. शालही तिलाच.

तेव्हा पोळ्याच्या आधी आपापल्या तालुक्याच्या मंडळात जा. एकच संध्याकाळ मागा. वेळ अशी मागा की शेवटच्या एसटीने माणूस घरी पोचेल. फवारणारे मजूर आले पाहिजेत, नुसते मालक नकोत. येताना रिकामा पंप आणि घरातल्या रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन या, लेबल तिथेच वाचू. पुढच्या बैठकीला कोणत्या मंडळाशी बोलणे झाले आणि कोणती तारीख ठरली, ते लिहून आणा.