पन्हाळ्यावरची खंडी

आमच्या मंगळवार पेठेतून पन्हाळा जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. तरी माझी आई कधी वर गेली नव्हती. यंदा चैत्रात भाकरी-खर्डा बांधून सगळेच निघालो.

तीन दरवाजा पोरांना मी झोकात समजावला. मास्तरच मी! मग अंबरखान्यात गंगा कोठीपाशी म्हणालो, “हिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे.”

“खंडी म्हंजे केवढं, बाबा?” धाकट्याने विचारले.

मी गप्प. मी शिकलो ते किलोत.

आई पायरीवर टेकली होती. “वीस मणाची खंडी, बाळा. आमच्या रानात चांगल्या सालीबी दोन खंडी भात व्हायचं.”

“मग साडेबारा हजार रानं लागतील!” पोरगा म्हणाला.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. महाराज जुलैपर्यंत गडावर होते. तो वेढा मी वर्षानुवर्षे शिकवतो आहे. गडावरचे धान्य कुणाच्या रानातून आले, हे मात्र वर्गात कधी निघाले नाही.

कोठीच्या छताला धान्य ओतायची भोके आहेत, असे मी सांगितले. आईने गुडघ्यावर हात टेकला.

“चल, जिन्यानं वर ने मला. बघू दे.”