गळती शोधणारी शाळा



पाहुण्यांचं भाषण हा स्नेहसंमेलनातला सगळ्यांत अडचणीचा कार्यक्रम असतो, हे मला ठाऊक आहे. पडद्यामागे नऊवारी नेसलेल्या मुली ताटकळल्यात, लेझीमवाल्यांचे फेटे सैल व्हायला लागलेत आणि नाटकातल्या मावळ्याची मिशी माझं भाषण संपेपर्यंत टिकेल का, याची सरांना काळजी आहे. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे मोजूनमापून बोलायची सवय आहे. घाबरू नका.

गॅदरिंगचा आठवडा म्हणजे शाळेत काय धांदल असते, ते मी शिक्षिका म्हणून पुष्कळ पाहिलंय. सकाळचा परिपाठ चुकत नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष सगळं होतं. पण सुविचार सांगणाऱ्याचं अर्धं लक्ष मैदानावरच्या चुन्याच्या रेषांकडे असतं. मग कबड्डी, खो-खो, रस्सीखेच. दुपारी विज्ञान प्रदर्शनाचे पुठ्ठे, डिंक, वायरी. कुणाचं हस्तलिखित अजून अर्धंच, कुणाच्या प्रयोगवहीवर बाईंची सही नाही. त्यातच दहावीची सराव परीक्षा. संध्याकाळी नाचाची तालीम, आणि शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्या आधी शिक्षकांनी वाचायच्या, म्हणजे ज्या सर्वांत मजेदार त्या बाद!

याच आठवड्यात आनंद मेळावा असतो. मुलं भेळ विकतात, पोहे विकतात, सरबत विकतात. एकदा एक मुलगा मला म्हणाला, "बाई, शंभर रुपये लावले, तीनशे आले. दोनशे फायदा." मी विचारलं, "शेंगदाणे, तेल, कांदे कुठले?" म्हणाला, "ते आईने घरून दिले." म्हटलं, "आणि कांदे चिरले कुणी?" तेही आईनेच. माल आईचा, मेहनत आईची आणि नफा चिरंजीवांचा!

हसू नका, आपण सगळेच असा हिशेब करतो. गुणपत्रिका हासुद्धा असाच हिशेब आहे. त्यात मराठी, गणित, विज्ञान यांचे आकडे असतात. मंडपाला दोऱ्या कुणी ताणून बांधल्या, पाचवीतल्या रडणाऱ्या पोराला पाठ केलेला संवाद कुणी आठवून दिला, पाण्याचे पिंप कुणी भरले, हे त्यात येत नाही. आणि गंमत अशी, की या आठवड्यात ज्याच्या नावाने सगळे शिक्षक हाका मारत असतात, तो पुष्कळदा गुणांच्या यादीत खालून तिसरा असतो. वर्षभर मागच्या बाकावर बसलेलं पोर आठ दिवसांत शाळेचा आधार होतं. मग आठवडा संपतो, मंडप उतरतो आणि ते पोर पुन्हा मागच्या बाकावर जातं. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

त्यासाठी आधी तुमच्याच गावाची गोष्ट सांगते. मी मूळची शिरूरची. माझ्या लहानपणी तुमच्या राळेगणसिद्धीचे मुलगे पुढच्या शिक्षणाला शिरूरला किंवा पारनेरला जायचे. मुली जात नसत; त्यांची शाळा प्राथमिकलाच संपायची. १९७१ साली बाराशेच्या आसपास वस्तीच्या या गावात साक्षर बायका होत्या ७२. गावाला पुरेल इतकं धान्य पिकत नव्हतं, दारूच्या भट्ट्या होत्या, कर्ज होतं. त्या वेळी कुणी गावांची परीक्षा घेतली असती, तर राळेगणला पस्तीस गुण पडले नसते.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावात आले. त्यांनी स्वतःच्या पैशांतून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं, मग लोक जमले आणि मग पाण्याचं काम निघालं. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे पाणी अडवण्याचं आणि वाटून घेण्याचं काम करत होते, त्यातून शिकून इथे सुरुवात झाली. आता माझ्या विषयाचा प्रश्न. एका हेक्टरवर एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? एक लाख लिटर. आपल्या तालुक्यातला पाऊस बेताचा. तरी ४०० मिलिमीटर धरा. एका हेक्टरवर ४० लाख लिटर होतात! म्हणजे पाणी आभाळातून येत होतं. उतारावरून ते वाहून जायचं आणि जाताना मातीही घेऊन जायचं.

गावात एक जुना पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हतं. तलावाला नावं ठेवून गप्प बसणं सोपं होतं. गावाने श्रमदान करून तो दुरुस्त केला. नालाबांध घातले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. खालच्या विहिरींना पाणी आलं. पाऊस पूर्वीइतकाच होता, जमीनही तीच होती. फरक एवढाच, की पाणी कुठून निसटतंय ते लोकांनी पाहिलं आणि तिथे हात घातला.

ज्या गावाने गळका तलाव टाकून दिला नाही, त्याच गावाने शाळा काढली. १९७९ साली संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि माध्यमिक शाळा सुरू झाली. पुढे इमारतीसाठी चार लाखांचं सरकारी अनुदान मिळालं आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून दोन महिन्यांत इमारत उभी राहिली. कागदावर चार लाखच दिसतात. गावाने उपसलेली माती आणि वाहिलेले दगड हे त्या आनंद मेळाव्यातल्या आईच्या शेंगदाण्यांसारखे हिशेबाबाहेरच राहिले. १९८२ साली गावातली पहिली मुलगी दहावी पास झाली. मुलींनो, ही काही पुराणातली गोष्ट नाही. तुमच्या आज्या तेव्हा तरुण होत्या.

या शाळेने पुढे एक धाडस केलं. इतर शाळा प्रवेश देताना आधी टक्के विचारतात. राळेगणने नापास झालेल्या, दुसरीकडे नाकारलेल्या मुलांना जवळ केलं आणि गरीब घरच्या मुलांसाठी वसतिगृह बांधलं. हे ज्यांना सुचलं, त्या अण्णांचं स्वतःचं शिक्षण मुंबईत पैशाअभावी सातवीला थांबलं होतं. शाळा सुटणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण नापास मुलाला नुसती माया देऊन भागत नाही. त्याची गळती शोधावी लागते. नववीत बीजगणितात अडकलेलं मूल पाहिलं, की लोक म्हणतात, याला बीजगणित जमत नाही. मी अशा मुलांना पाचवीची उदाहरणं घालायची. बहुतेकांचा पाय अपूर्णांकात अडकलेला निघायचा. कधी पाचवीत शाळा बुडाली होती, कधी घरी आजारपण होतं, कधी ऊसतोडीला जावं लागलं होतं. तिथून चार वर्षं, शिकवलेलं सगळं त्या भोकातून खाली जात होतं. नववीचे क्लास लावून ते बुजत नाही. मागे जावं लागतं. आणि मागे जायला मुलाला लाज वाटते, आपल्याला वेळ नसतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. शिक्षकांनो, या आठवड्यात ज्या मुलाला तुम्ही दहा कामं सांगितलीत आणि त्याने ती चोख केली, त्याला सोमवारी विसरू नका. ज्याला मंडपाचं माप कळतं, त्याला भूमिती कळू शकते. ती दोरी घेऊनच वर्गात चला. पालकांनो, प्रगतिपुस्तक हातात आलं की "किती पडले?" एवढंच विचारू नका. "कुठे अडलं?" हेही विचारा. हा प्रश्न ऐकून मूल खोटं बोलत नाही, कारण त्यात मार बसायची भीती नसते.

आणि मुलांनो, विशेषतः दहावीच्या. बोर्डाची परीक्षा जवळ आलीय. आज मनसोक्त नाचा, ओरडा, शिट्ट्या मारा. मुख्याध्यापकांकडे बघू नका, आजच्यापुरती परवानगी मी देते. उद्या मात्र एक काम करा. प्रत्येक विषयात, जिथपर्यंत नीट कळतं त्या पानावर खूण करा आणि ते पान घेऊन बाईंकडे, सरांकडे किंवा वर्गातल्या ज्याला येतं त्याच्याकडे जा. सरळ सांगा, "मला इथून पुढे कळत नाही." ज्याला विचारलं असेल, त्याने हसायचं नाही, वही उघडून शेजारी बसायचं. राळेगणमध्ये श्रमदान दगडमातीचंच असावं असा काही नियम नाही. रोज अर्धा तास मित्राला शिकवणं हेही श्रमदानच आहे, आणि त्यात शिकवणाऱ्याचं गणित अधिक पक्कं होतं, हे मी अनुभवाने सांगते.

 बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन, आणि ज्यांच्या कामाला बक्षीस नसतं, त्यांचं आधी अभिनंदन.