कालबाह्य झालेल्या चोऱ्या आणि खोड्या
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



अशा प्रसंगी थोर पुरुषांच्या सद्गुणांवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र आज सामान्य माणसांच्या लहानसहान लबाड्यांविषयी बोलणार आहे. लबाडीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एखाद्या काळात माणसाला कशाची टंचाई होती, हे त्या काळच्या दानधर्मापेक्षा त्या काळच्या चोऱ्यांवरून अधिक स्पष्ट कळते. आणि जुन्या चोऱ्या कशामुळे बंद पडल्या हे नीट उमगले, तर आज आपल्या घरात शिरू पाहणारा चोरही ओळखता येतो.

प्रथम टपालाचे उदाहरण घेऊ. 1 ऑक्टोबर 1854 पासून हिंदुस्थानात हलक्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर झाला. तिकीट न लावलेले पत्र ‘बैरंग’ ठरे व त्याचा दुप्पट आकार घेणाऱ्याकडून वसूल होई. गरिबाने यातूनही वाट काढली. पत्त्याच्या कोपऱ्यात एक रेघ असली की ‘सुखरूप पोहोचलो’, दोन असल्या की ‘पैसे पाठवा’, असा संकेत घरून निघतानाच ठरे. पोस्टमनच्या हातातले पाकीट घेणारा उलटसुलट पाही आणि ‘हे आमचे नव्हे’ म्हणून परत करी. मजकूर पोहोचे, दमडी लागत नसे. कोणी तिकिटावर गोंदाचा वा साबणाचा पातळ थर देई, म्हणजे टपालाचा शिक्का धुऊन काढून तेच तिकीट पुन्हा चालवता येई.

पुढे ट्रंक कॉल आला. ठराविक माणसालाच बोलावण्याचा जो ‘पी.पी.’ कॉल असे, त्यात तो माणूस न भेटल्यास अल्प आकारावर सुटका होई. मग ज्याचे अस्तित्वच नाही अशा गृहस्थाच्या नावाने कॉल लावला जाई. ते नाव ऐकताच घरच्यांनी काय ते ओळखावे! त्यानंतर भ्रमणध्वनी आला आणि बैरंग पत्राचा नातू जन्मास आला, तो म्हणजे ‘मिस्ड कॉल’. ‘पोहोचलो की एक रिंग देतो’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. 2016 नंतर बोलण्याचा दर जवळजवळ शून्यावर आला आणि तोही नातू निवर्तला. यांपैकी एकाही प्रकारास कीर्तनाने किंवा शिक्षेने आळा बसला नव्हता. उपदेशास जे साधले नाही, ते स्वस्ताईने करून दाखविले.

काही अपराध तर कायद्यानेच सोडून दिले. घरी रेडिओ ठेवण्यास पोस्टातून वार्षिक परवाना काढावा लागे. तपासनीस येताच रेडिओ गोधडीखाली जाई. 1980 च्या दशकात तो परवाना रद्द झाला आणि गोधडीखालचा अपराध आपोआप निर्दोष ठरला. दिव्याविना सायकल, बिल्ल्याविना सायकल, डबलसीट, हे सर्व अपराध आजच्या मुलांना दंतकथेसारखे वाटतात.

आता मापातील पापाकडे येतो, कारण तो विषय आपल्या विणकर समाजाच्या अगदी जवळचा आहे. 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे, शंभर नवे पैसे. म्हणजे आण्यास सव्वासहा. तो पाव पैसा कोणाचा, यावर दुकानोदुकानी तंटे झाले. आणि तो बहुधा दुकानदाराच्या गल्ल्यात राहिला. 1956 च्या कायद्यानुसार 1958 पासून टप्प्याटप्प्याने शेर व वार जाऊन किलो व मीटर आले. पारड्याच्या तळाशी चिंचेचा गोळा चिकटविणे, दांडीला बोट लावणे, कापड ताणून मोजणे, या विद्या मंगळवार पेठेतील आणि चाटी गल्लीतील गिऱ्हाइकांना चांगल्या ठाऊक असत. पुष्कळ गृहिणी माल बांधण्यापूर्वी पारडे रिकामे करून दाखवावयास लावीत.

आपल्याही पूर्वजांना यातून वगळता येत नाही. हातमागावर बसणाऱ्यास सूत तोलून मिळे आणि कापडही तोलूनच घेतले जाई. मजुरी तुटपुंजी, घरात तोंडे फार. म्हणून चार कांड्या मागे ठेवून तेवढे वजन जाड खळीने किंवा दमट सुताने भरून काढले जाई, असे जुनी माणसे सांगत. उलट सूत देणारा सावकारही ओले सूत कोरड्याच्या वजनाने देई. दोघेही एकमेकांस ओळखून असत. पूर्वभागात यंत्रमाग आले, लांबी व वजन यंत्राने मोजले जाऊ लागले आणि हा जुना खेळ संपला. तो संपला याचा शोक करण्याचे कारण नाही. मात्र त्यातील अर्धी चोरी उपाशी पोटाची होती, हे नातवंडांना सांगावयास हरकत नाही.

शिक्षकी पेशात मी ज्या लबाड्या पाहिल्या, त्या अधिक निरुपद्रवी. प्रगतिपुस्तकातील 3 चा 8 करणे ही त्यांतली पहिली कला, वडिलांची सही गिरविणे ही दुसरी. आता निकाल पालकांच्या भ्रमणध्वनीवर मुलाच्या आधी पोहोचतो. ‘हे पत्र एकवीस जणांस लिहा, अन्यथा अनिष्ट घडेल’ अशी पोस्टकार्डे घरोघर येत. निदान ती हाताने एकवीस वेळा लिहावी लागत. तेवढ्या श्रमाने पुष्कळांची श्रद्धा थकत असे! आज तोच मजकूर बोटाच्या एका स्पर्शाने दोनशे घरी जातो.

एका प्रकाराविषयी मात्र हसू येत नाही. सोयरीक जुळत आली की वधुपक्षास निनावी पत्र धाडावयाचे, हा दुष्टावा प्रत्येक ज्ञातीत होता आणि आपल्यातही होता. अशी पत्रे वडीलधाऱ्यांपुढे येत, तेव्हा शाळामास्तरास बोलावून अक्षर दाखविले जाई. ‘र’ची वळणे आणि वेलांट्यांची सवय लपविता येत नाही. गुन्हेगार बहुधा दोन गल्ल्यांच्या आत सापडे. पंच त्यास बोलावीत, तो मान खाली घाली, क्षमा मागे, आणि वर्षादोनवर्षांत पुन्हा पंगतीस बसे.

माझे सांगणे नेमके येथे आहे. जुन्या चोरीला चेहरा होता. चिंच लावणारा वाणी, सूत ठेवणारा विणकर, निनावी पत्र लिहिणारा शेजारी, हे सर्व आपल्याच पेठेत राहत. त्यांना लाज वाटू शके, म्हणून ते सुधारूही शकत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हे शहाणपण स्वीकारले आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असून वस्तू वा तिचे मोल परत केल्यास कलम 303 नुसार समाजसेवेची शिक्षा आहे.

परंतु यंत्राने लहान चोरास घालविले, तेव्हा मोठ्या चोरासही तेच यंत्र दिले. 2017 साली उत्तर प्रदेशात पेट्रोल पंपांच्या यंत्रांत चिप बसवून माप मारल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले. चिंचेच्या गोळ्याने एका गिऱ्हाइकाची छटाक जाई. चिपने दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाची धार कापली. आणि आता तर दूरच्या गावी बसलेला मनुष्य पोलिसाचा गणवेश घालून पडद्यावर येतो, ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगतो आणि वृद्धाची आयुष्याची पुंजी नेतो. त्याचे अक्षर ओळखणारा मास्तर नाही, त्याला पंगतीतून उठविणारे पंच नाहीत.

म्हणून ज्येष्ठांस माझी विनंती आहे. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. फोनवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. तरुणांस विनंती अशी, की फसलेल्या आजोबांना हसू नका. फसलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यावरच हे चोर जगतात. पूर्वी लाज चोराला वाटे, ती आज फसलेल्याला वाटू लागली आहे. ही उलटलेली तागडी पुन्हा सरळ करणे कोणत्याही यंत्राच्या हातचे नाही. ते घरातल्या माणसांचे आणि अशा संस्थांचे काम आहे. पूर्वी गृहिणी पारडे रिकामे करून पाही, तशी प्रत्येक अनोळखी हाक घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसास ऐकवून मगच उत्तर द्यावे, एवढा नेम प्रत्येक कुटुंबाने पाळला तरी पुष्कळ झाले.