चोळीची गाठ

१८५७च्या नाटकातली मराठी नायिका पाठीवर हूक लावलेलं ब्लाऊज घालून आली, की मला पुढचे संवाद ऐकूच येत नाहीत. त्या काळची चोळी तोकडी, अंगाबरोबर. पुढची दोन टोकं ओढून छातीखाली गाठ मारायची. बटणांचं पोलकं, झंपर हे नंतर रुळले. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड. गुळेदगुड्डचा खण आपण ओटीत आजही घालतो. पण काठ बाहीवर आणून गाठीची चोळी बेतणारे शिंपी थोडेच उरले. माझ्या चोळ्या शिवणारे काका सत्तरीचे आहेत. चोळीच्या एकेका तुकड्याला त्यांच्या तोंडी वेगळं नाव आहे. अकादमीने ती नावं, बेताच्या कागदासकट, यंदाच उतरवून घ्यावीत.